पक्ष नसतीलच, असं धरून बांधलेलं यंत्र

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष निवडण्याचं मूळ यंत्र नीट चाललं ते दोनदाच, १७८९ मध्ये आणि १७९२ मध्ये. दोन्ही वेळा पहिल्या जागेसाठी नाव एकच होतं, जॉर्ज वॉशिंग्टन, आणि एकूण एक निर्वाचकाने त्यालाच मत दिलं. म्हणजे यंत्राची परीक्षा अशी झालीच नव्हती. तिसऱ्या खेपेला ते कुरकुरलं आणि चौथ्या खेपेला ठप्प झालं.

ते बांधलं गेलं १७८७ मध्ये, फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेत. राष्ट्राध्यक्ष निवडायचा कोणी, यावर प्रतिनिधींचं मत उन्हाळाभर फिरत राहिलं. काँग्रेसने निवडला तर तो काँग्रेसचा मिंधा होणार. जनतेने थेट निवडावा, हे जेम्स विल्सनचं म्हणणं फारसं कोणी उचलून धरलं नाही. दक्षिणेची अडचण तर उघड होती. तिथल्या गुलामांना मत नव्हतं, पण प्रतिनिधिगृहातल्या जागा ठरवताना पाच गुलामांची गणती तीन माणसांइतकी व्हायची. थेट मतदानात हा फायदा गेला असता. शेवटी ‘राहिलेले मुद्दे’ निकालात काढणाऱ्या समितीने ४ सप्टेंबरला तोडगा मांडला. प्रत्येक राज्याला त्याचे प्रतिनिधी आणि सिनेटर यांच्या बेरजेइतके निर्वाचक मिळतील. गुलामांच्या संख्येवर मिळालेलं वजन आपोआप याही मोजणीत शिरलं.

आपल्याकडे राष्ट्रपती निवडणारं निर्वाचक मंडळ खासदार-आमदारांचं असतं. अमेरिकेत काँग्रेसच्या सदस्यांना निर्वाचक होण्याची बंदीच आहे. निर्वाचकांनी एका ठिकाणी जमायचंही नाही. आपापल्या राज्यात, एकाच दिवशी मतं द्यायची आणि सीलबंद यादी राजधानीला पाठवायची. कट शिजू नये म्हणून ही दक्षता.

यातली खरी कारागिरी दोन मतांची. प्रत्येक निर्वाचकाने दोन नावं लिहायची, त्यातलं किमान एक परराज्यातलं. नाहीतर जो तो आपल्याच गावच्या पुढाऱ्याला मत देणार. आणि दुसरं मत कोणी उगाच वाया घालवू नये म्हणून दुसऱ्या क्रमांकाला उपराष्ट्राध्यक्षपद. कोणतं नाव कोणत्या पदासाठी, हे लिहायची सोय मात्र नव्हती. सगळ्यात जास्त मतं आणि बहुमत असेल तो राष्ट्राध्यक्ष. बरोबरी झाली तर प्रतिनिधिगृहाने ठरवायचं, तेही राज्यागणिक एक मत देऊन. हुशार रचना होती, पण तिचं सगळं गणित निर्वाचक स्वतंत्र बुद्धीने, एकमेकांशी न ठरवता मत देतील यावर उभं होतं.

ठरवून मत देणारी माणसं वॉशिंग्टनच्या मंत्रिमंडळातच तयार होत होती. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनला राज्यांची युद्धकर्जं केंद्राच्या डोक्यावर घ्यायची होती आणि राष्ट्रीय बँक काढायची होती. परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसनला त्यात सावकारांचं आणि दलालांचं राज्य दिसत होतं. १७९० मध्ये जेफरसनच्या घरी जेवणाच्या टेबलावर तडजोड झाली. कर्जं केंद्राने घ्यायची, बदल्यात राजधानी दक्षिणेकडे पोटोमॅक नदीकाठी न्यायची. पुढच्याच वर्षी बँकेवरून ही तडजोड विटली. हॅमिल्टनची बाजू घेणारं फेनोचं वर्तमानपत्र होतंच. जेफरसनने कवी फ्रेनोला परराष्ट्र खात्यात भाषांतरकाराची नोकरी दिली आणि फ्रेनोने विरोधी पत्र काढलं. सरकारी पगारावर सरकारविरुद्ध अग्रलेख! फ्रान्समधली क्रांती आणि इंग्लंडशी झालेला जे-करार यांनी ही फट आणखी रुंदावली. हॅमिल्टनचे ते फेडरलिस्ट, जेफरसन आणि त्याचा साथीदार जेम्स मॅडिसन यांचे ते रिपब्लिकन. (आजचा रिपब्लिकन पक्ष वेगळा, तो १८५४ सालचा.)

१७९६ मध्ये वॉशिंग्टन बाजूला झाला आणि यंत्राने विचित्र फळ दिलं. फेडरलिस्टांचे जॉन ॲडम्स आणि थॉमस पिंकनी असे दोन उमेदवार होते. पिंकनी ॲडम्सच्या पुढे जाईल या धास्तीने न्यू इंग्लंडच्या बऱ्याच निर्वाचकांनी पिंकनीचं नाव गाळलं. ॲडम्सला ७१ मतं पडली, पिंकनीला ५९, आणि मधे ६८ मतांनी जेफरसन घुसला. राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा, उपराष्ट्राध्यक्ष त्याच्या कट्टर विरोधकांचा.

चार वर्षांनी उलटा घोटाळा झाला, तो शिस्तीपायी. रिपब्लिकनांचे निर्वाचक इतके आज्ञाधारक की सगळ्यांनी जेफरसन आणि ॲरन बर ही दोन्ही नावं इमानाने लिहिली. कोणीतरी बरचं एक मत कमी करायचं होतं, ते कोणीच केलं नाही. दोघांना ७३-७३. फेडरलिस्टांना हे भान होतं. त्यांच्या ऱ्होड आयलंडच्या एका निर्वाचकाने दुसरं मत जॉन जेला देऊन टाकलं, म्हणून ॲडम्स ६५ आणि चार्ल्स पिंकनी ६४. गुलामांच्या संख्येचं वजन नसतं तर ॲडम्सच पुन्हा निवडून आला असता, असं अनेक इतिहासकार मांडतात. मला ते पटतं. ‘जनतेचा माणूस’ म्हणून मिरवलेल्या विजयात मत नसलेल्यांची मोजणी होती.

बरोबरी प्रतिनिधिगृहात गेली, आणि तिथे मुदत संपत आलेल्या जुन्या सभागृहात फेडरलिस्टांचं बहुमत होतं. हरलेल्यांनी विजेता निवडायचा! ११ फेब्रुवारी १८०१ ला मतदान सुरू झालं. सोळा राज्यं, जिंकायला नऊ हवीत. जेफरसनला आठ, बरला सहा, व्हर्मॉन्ट आणि मेरीलँड आपसात फुटलेली. मेरीलँडचा जोसेफ निकल्सन तापाने फणफणलेला असताना खाटेवरून सभागृहात आणला गेला. तो नसता तर त्याचं राज्य बरकडे झुकलं असतं. फेरीमागून फेरी झाली, आकडा हलेना. बाहेर सैन्य सज्ज ठेवण्याची भाषा सुरू झाली. हॅमिल्टन जेफरसनचा वैरी, पण बरवर त्याचा त्याहून कमी विश्वास. तो आपल्या लोकांना पत्रं लिहून बरला अडवत होता.

१७ तारखेला छत्तिसाव्या फेरीत गाठ सुटली. डेलावेअरचा एकमेव प्रतिनिधी जेम्स बेयार्ड मागे हटला, मेरीलँडच्या फेडरलिस्टांनी कोरी मतं टाकली, व्हर्मॉन्टचा फेडरलिस्ट बाहेर थांबला. त्यामुळे व्हर्मॉन्टचं मत एकट्या मॅथ्यू लायनच्या हाती आलं. हा तोच लायन, ज्याला ॲडम्सच्या कारकिर्दीत राजद्रोहाच्या कायद्याखाली तुरुंगात टाकलं होतं आणि जो तुरुंगातूनच पुन्हा निवडून आला होता. दहा राज्यांनिशी जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाला. बेयार्डला काही आश्वासनं मिळाल्याची चर्चा पुढे बरीच झाली. जेफरसनने ती नाकारली.

दुरुस्ती साधी होती. १८०४ च्या जूनमध्ये मंजूर झालेल्या बाराव्या घटनादुरुस्तीने दोन पदांसाठी दोन वेगळी मतं करून टाकली. फेडरलिस्टांनी तिला विरोध केला, कारण जोडीने उमेदवार उभे करणाऱ्या मोठ्या पक्षाचं त्यामुळे फावणार होतं. झालंही तसंच: त्याच वर्षी जेफरसन १६२ विरुद्ध १४ मतांनी जिंकला.

पण दुरुस्ती करणाऱ्यांनी अर्धंच यंत्र उघडलं. बहुमत कोणालाच नसेल तर प्रतिनिधिगृहाने राज्यागणिक एक मत देऊन निवड करायची, हा भाग त्यांनी तसाच ठेवला. १८२४ च्या निवडणुकीत अँड्र्यू जॅक्सनला सर्वाधिक ९९ मतं होती, तरी गृहाने ८४ मतांच्या जॉन क्विन्सी ॲडम्सला निवडलं. त्यानंतर ही वेळ आलेली नाही. उद्या आलीच, तर प्रतिनिधिगृहात ५२ जागा असलेल्या कॅलिफोर्नियाला एक मत असेल आणि एकच जागा असलेल्या वायोमिंगलाही एकच.