गोगलगाईच्या अंड्यांतील मेंदूचा नकाशा

पावसाळा सरतां सरतां केनवडच्या शिवारांतील एखाद्या डबक्यांत बुडालेलें पान उलटून पाहावें. त्यावर पुष्कळदां स्वच्छ, चिकट पदार्थाचा चट्टा दिसतो. तीं चपट्या शंखाच्या पाणगोगलगाईचीं अंडीं. शास्त्रज्ञ तिला इंडोप्लॅनॉर्बिस म्हणतात. 'गोगलगाय आणि पोटांत पाय' ही म्हण तिला चांगलीच लागू पडते; कारण गुरांच्या नाकांत रोग आणून त्यांस घोरावयास लावणारे कृमि प्रथम हिच्याच अंगांत वाढतात. तेव्हां शेतकरी पालकांस तिचें कौतुक वाटणार नाहीं, हें आम्ही जाणतों. तरीही तें अंडें एकवार भिंगाखालीं धरावें. आंतील टिंबाएवढा जीव एकसारखा गरगर फिरत असतो.

अंगावरील सूक्ष्म केसांच्या हालचालीनें तो फिरतो. पण त्या केसांस हुकूम कोण देतो?

मज्जापेशी आपला निरोप बहुधा एखाद्या रासायनिक द्रव्याच्या द्वारें पोंचवितात. सेरोटोनिन हें त्यांपैकीं एक. १९४८ सालीं तें रक्तांतून शुद्ध स्वरूपांत वेगळें काढण्यांत आलें. आपल्याही मेंदूंत तें आहे. कोणत्या पेशींत तें आहे हें नुसत्या पाहण्यानें कळत नाहीं. म्हणून शोधक निरनिराळ्या वयांचे गर्भ औषधांत मुरवून आहे त्या स्थितींत कायम करतात, आणि त्या एकाच द्रव्याला चिकटणारें प्रतिपिंड त्यांत सोडतात. प्रतिपिंडास चकाकणारा रंग जोडलेला असतो. मग सूक्ष्मदर्शकाखालीं, अंधारांत पणत्या लागाव्या तशा, तेवढ्याच पेशी उजळतात. कोणत्या वयांत किती पणत्या व कोठें, याची नोंद केली कीं नकाशा झाला. मनुष्याच्या मेंदूंत सुमारें ८,६०० कोटी मज्जापेशी. तळ्यांतील लिम्निआ गोगलगाईस सुमारें २०,०००. आणि गर्भांत तर आरंभीं त्या बोटांवर मोजतां येतात.

आपल्या गोगलगाईची अमेरिकेंतील नातलग हेलिसोमा. तिच्या गर्भांत सेरोटोनिनच्या प्रथम दोनच पेशी उजळतात, एक उजवीकडे व एक डावीकडे. कॅनडांतील आल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००२ सालीं असें दाखविलें कीं, प्राणवायु कमी पडला म्हणजे ह्या पेशी सेरोटोनिन सोडतात; केस जोरानें हालतात, गर्भ वेगानें फिरतो, अंड्यांतील द्रव ढवळला जातो व ताजा प्राणवायु जवळ येतो. मेंदू अजून घडावयाचा आहे, तोंच श्वासाची तरतूद! निर्माणकर्त्याची ही योजना लिहितांना आमची लेखणी क्षणभर थबकली.

लिम्निआच्या नकाशानें तर जुनी समजूतच मोडली. पूर्वी वाटे कीं, आधीं मेंदूचे पुंजके होतात व मग त्यांतून तंतु फुटतात. परंतु कॅनडाचे रॉजर क्रॉल व रशियाच्या एलेना वोरोनेझस्काया यांनीं १९९६ सालीं दाखविलें कीं, दुसऱ्या एका संदेशद्रव्याच्या कांहीं पेशी शरीराच्या मागल्या टोंकास आधींच उजळतात, आणि पुढें जेथें मेंदू व्हावयाचा, तिकडे त्यांचे तंतु धांवतात. गांव वसण्यापूर्वींच पायवाट पडली म्हणावयाची!

ज्या मुलांस पाहावयाचें असेल त्यांनीं अंड्यांचा चट्टा पानासकट, त्याच पाण्यांत, कांचेच्या पेल्यांत ठेवावा व मिनिटास किती फेरे होतात तें मोजावें. मात्र डबक्यांत उघडे हात फार वेळ बुडवूं नयेत. त्या कृमींचीं पिलें माणसाच्या कातडीसही खाज आणतात.