उमेदवार ओळखायचा कसा? व्यवहार, आपत्ती आणि सोबत

निवडणूक जवळ आली की वस्तीच्या तोंडाशी 'भावी नगरसेवक', 'भावी आमदार' असे फलक लागतात. हाताला काम नसलेल्या काळात फलकावरचा माणूस जरा जास्तच मोठा दिसतो. कंत्राट पुढच्या महिन्यात संपणार आहे, मुलाची शिष्यवृत्ती खात्यावर आलेली नाही, बचतगटाचा हप्ता मात्र ठरल्या दिवशी भरायचा आहे. अशा घरात पाचशेची नोट लाच वाटत नाही, मदत वाटते. या लोकांना 'विकले गेले' म्हणून हिणवणाऱ्या आपल्यातल्याच सुशिक्षितांशी आम्ही सहमत नाही. नोट देणारा माणूस कोण आहे, हे वेळेत सांगणारे कोणी त्यांच्याजवळ नसते, ही खरी अडचण आहे. ते काम कार्यकर्त्यांचे आहे.

संयुत्त निकायाच्या कोसल संयुत्तात एक प्रसंग येतो. श्रावस्तीला पसेनदी राजा भगवंतांजवळ बसला असताना जटाधारी, निगंठ, परिव्राजक असे लोक जवळून जातात. राजा उठून हात जोडतो आणि विचारतो, हे अर्हत असतील ना? भगवान म्हणतात, संसारात बुडालेल्या माणसाला हे कळणे अवघड आहे. शील कळते सहवासाने, प्रामाणिकपणा व्यवहाराने, मनाचे बळ आपत्तीत आणि प्रज्ञा चर्चेत. तेही दीर्घ काळ आणि लक्षपूर्वक पाहिल्यावरच. मग राजा कबूल करतो की ही त्याचीच माणसे आहेत, वेश पालटून हेरगिरी करणारी! निळे उपरणे घालून १४ एप्रिललाच दिसणारी मंडळी पाहिली की आम्हाला हे सुत्त हमखास आठवते.

या चारांपैकी व्यवहार तपासणे आज सर्वांत सोपे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालामुळे प्रत्येक उमेदवाराला आपले गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण शपथपत्रात सांगावे लागते. विधानसभा-लोकसभेसाठी हा 'नमुना २६'. तो निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही मोफत पाहता येतो. उत्पन्नाचा स्रोतही लिहावा लागतो, स्वतःचा आणि जोडीदाराचाही. आपल्याकडे बहुतेक जण एकूण संपत्तीचा आकडा पाहतात, तोंडात बोट घालतात आणि पान बंद करतात. खरे वाचन त्यानंतर सुरू होते. मागच्या निवडणुकीचे शपथपत्र शेजारी ठेवा. पाच वर्षांत जमीन किती वाढली? कोणाच्या नावावर वाढली? आयकर विवरणातल्या उत्पन्नातून ती घेता आली असती का? सरकारी थकबाकी आहे का? सरकारी कंत्राटे कोणाकडे आहेत, तेही त्यात येते.

गुन्ह्यांच्या रकान्याबद्दल मात्र सावध राहायला हवे. आकडा मोजून 'याच्यावर पाच केसेस' असे सांगत फिरणे अन्यायाचे ठरू शकते. १ जानेवारी २०१८ च्या भीमा कोरेगावच्या हल्ल्यानंतर झालेल्या बंदमध्ये आपल्या किती मुलांवर गुन्हे लागले, हे आपण पाहिले आहे. म्हणून कलम वाचा. बेकायदा जमाव (जुने कलम १४३, आता भारतीय न्याय संहितेचे १८९) किंवा आदेशाचा भंग (जुने १८८, आता २२३) हे बहुतेकदा मोर्चा-आंदोलनातले गुन्हे असतात. फसवणूक (४२०, आता ३१८), खंडणी (३८४, आता ३०८), स्त्रीचा विनयभंग (३५४, आता ७४) ही वेगळी गोष्ट आहे. ॲट्रॉसिटी कायद्याखाली आरोपी असलेला उमेदवार आपल्या वस्तीत मते मागायला येतो तेव्हा त्याला निदान त्या रकान्याबद्दल विचारलेच पाहिजे. खटला चालू असणे म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे, हेही तितकेच खरे. पण २०२० च्या आदेशानुसार गुन्हे नोंद असलेला उमेदवार का निवडला, याची कारणे पक्षाला जाहीर करावी लागतात आणि 'निवडून येण्याची क्षमता' एवढेच कारण त्यात चालत नाही. ती कारणे पक्षाच्या संकेतस्थळावर शोधून वाचा. अनेकदा ती वाचूनच बरेच कळते.

सोबतीची परीक्षा कागदावर होत नाही. सिगालोवाद सुत्तात मित्राच्या रूपात येणारे चार जण सांगितले आहेत: फक्त घेणारा, फक्त बोलणारा, तोंडावर गोड बोलणारा आणि नाशाच्या वाटेवर साथ देणारा. जयंतीच्या डीजेचे पैसे देणारा, पण अभ्यासिकेच्या खोलीसाठी अर्जावर सही न करणारा यांपैकी कोण, हे वाचकांनीच ठरवावे. उमेदवाराच्या गाडीत कोण बसते, त्याच्या फलकाचा खर्च कोण करतो, हे वस्तीला चांगले ठाऊक असते. तो ठेकेदार सफाई कामगारांना किमान वेतन देतो का? झोपडपट्टी पुनर्वसनात लोकांना धमकावणारा बिल्डर त्याच्या व्यासपीठावर असतो का? आपल्याच समाजाचा उमेदवार असला तरी हे प्रश्न सुटत नाहीत. महाराष्ट्र विधानसभेत २८८ पैकी २९ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. पण तिथेही सर्वांचे मतदान असते, त्यामुळे राखीव जागेवरचा माणूस कोणाच्या बळावर उभा आहे, हे पाहावेच लागते.

आपत्तीची कसोटी आपण एकदा सगळ्यांनी मिळून पाहिली आहे. २०२० च्या टाळेबंदीत कोण दारात आले आणि कोणाचा फोन बंद होता? २०२३ मध्ये राज्य सरकारने बाह्य कंपन्यांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय काढला आणि विरोधानंतर मागे घेतला. त्या दिवसांत आज रोजगाराची भाषा करणारा उमेदवार कुठे होता, हे विचारायला आता वेळ आहे.

राहिली चर्चा. भाषणात प्रज्ञा दिसत नाही, प्रश्नोत्तरात दिसते. विहारात उमेदवारांना बोलवा, सर्वांना सारखा वेळ द्या, आणि हार-तुरे बाजूला ठेवून नेमके विचारा. अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी दुसरीकडे वळवला जाऊ नये यासाठी आंध्र प्रदेश व कर्नाटकने २०१३ मध्ये कायदे केले. महाराष्ट्रात अशा कायद्यासाठी तुम्ही काय कराल? स्वाधार योजनेचे पैसे वर्षाच्या शेवटी का मिळतात? कूटदंत सुत्तात राज्यातली लूटमार थांबवण्यासाठी राजपुरोहित शिक्षेऐवजी शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि नोकराला वेतन देण्याचा सल्ला देतो. तुमच्याकडे यातले काय आहे? उत्तर लिहून घ्या, तारीख टाका आणि उमेदवाराची सही घेऊन विहाराच्या सूचनाफलकावर लावा.