गिट्टीचा घाव

भंडाऱ्याहून साकोलीकडे निघालो की राष्ट्रीय महामार्ग ५३ वर (आमच्या तोंडी अजूनही ‘सहा नंबर’च) पुढे एखादा टिप्पर असतोच. कधी वैनगंगेची रेती, कधी खदानीतली गिट्टी. तुमसरकडे वळलो तर चिखला, डोंगरी बुजुर्गचे मँगनीज. ताडपत्री असली तर असली. सहा वर्षांपूर्वी मी जुनी पांढरी गाडी घेतली आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर बॉनेटवर तांबूस ठिपके दिसू लागले. पुसून जाईनात, तेव्हा या विषयाच्या मागे लागलो.

आपण म्हणतो, दगड येऊन लागला. खरे तर बहुतेक वेळा आपणच दगडावर जाऊन आदळतो. हौद्यातून पडलेला खडा रस्त्यावर आपटून बराचसा वेग गमावतो. टायरखालून उडालेल्या खड्याचेही तसेच: फिरत्या चाकाचा जो भाग रस्त्याला टेकतो तो त्या क्षणी जवळजवळ स्थिर असतो, म्हणून खडा मुख्यतः वर उसळतो. त्या अधांतरी खड्याला आपली गाडी आपल्या वेगाने गाठते. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० ऐवजी ८० ने गेलो तर तोच खडा चौपट जोराने लागतो.

आणि लागतो कशावर? कारखान्यात सांगाडा टाकीत बुडवून, वीज सोडून गंजरोधक थर चढवतात. त्यावर प्रायमर, मग रंग, मग पारदर्शक लॅकर. सगळे मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे वहीचे दीड-दोन कागद. टोकदार गिट्टी एवढा पापुद्रा सहज उडवते. पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला असेल तर जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंड काही काळ वाचते. नुसता पत्रा असेल तर आमच्या धानपट्ट्यातला एक पावसाळा पुरतो. पुढचा बंपर प्लास्टिकचा असतो, त्याची चिंता दिसण्यापुरतीच. दाराखालच्या पट्टीवर बोट फिरवून पाहा; बऱ्याच गाड्यांत तिथे खरखरीत, किंचित मऊ लेप लागतो. चाकांनी उडवलेले खडे तिथेच बसतात, हे कंपन्यांना ठाऊक असते.

एका दुकानदाराने मला ‘सिरॅमिक कोटिंग’ गळ्यात मारायचा प्रयत्न केला. त्याने पाणी निथळते, धुणे सोपे होते. पण तो थर काही मायक्रॉनचा. गिट्टीपुढे तो काय टिकणार? आघात शोषते ती पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. तिचा उगम व्हिएतनाम युद्धातल्या हेलिकॉप्टरांची पाती वाचवण्याच्या गरजेत सांगतात. जाडी १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे रंगाहूनही जाड. मात्र सगळ्या गाडीला लावायची तर माझ्या गाडीच्या किमतीला लाज वाटावी असा खर्च. बॉनेटची पुढची कड आणि आरशांच्या पाठी एवढ्यावर भागते. पुन्हा रंगवलेल्या भागावर ती जपून लावावी. काढताना कच्चा रंग सोबत निघतो.

ठिपका पडलाच तर धुऊन, गंज खरवडून, बारीक ब्रशाने प्रायमर आणि मग रंगाचे पातळ थर द्यावेत. हे काम मृगाच्या आत.

बाकी बिनखर्ची उपाय अंतराचा. ताशी ६० ने जाताना टिप्परमागे तीन सेकंदांचे अंतर म्हणजे ५० मीटर. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत. गाडीला निदान पत्रा आहे. शेजारून सायकलने शाळेत जाणाऱ्या पोरींच्या डोळ्यांना तोही नाही. ताडपत्रीचा खर्च टिप्परमालकाचा वाचतो आणि वसूल त्यांच्याकडून होतो.