‘गो’चा पट व प्रौढ विद्यार्थी

शिकणें हें बालपणाचें काम व शिकविणें हें प्रौढपणाचें, अशी एक समजूत आपल्या मनांत घट्ट बसलेली असते. त्यामुळें चाळिशी उलटलेला गृहस्थ नवीन कांहीं शिकावयास बसला, तर त्याची पहिली अडचण बुद्धीची नसून लाजेची असते. हा अनुभव मीं ‘गो’ नांवाच्या खेळाच्या पटावर घेतला. त्या खेळाची ओळख विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांसहि करून द्यावी, हा या लेखाचा हेतु आहे.

हा खेळ मूळचा चीन देशाचा. तो दोन हजार वर्षांहून अधिक जुना असून चीनमध्यें त्यास ‘वेइची’, कोरियांत ‘बादुक’ व जपानांत ‘गो’ म्हणतात. पटावर १९ आडव्या व १९ उभ्या रेघा असतात. बुद्धिबळांत मोहरीं घरांत बसतात. येथें काळे व पांढरे खडे, रेघा जेथें एकमेकींस छेदतात त्या बिंदूंवर ठेवितात. असे बिंदु एकंदर ३६१ होतात. पहिली खेळी काळ्याची. मग आळीपाळीनें एकेक खडा ठेवावयाचा. ठेवलेला खडा पुन्हां हलवितां येत नाहीं. येथें राजा नाहीं, वजीर नाहीं. सर्व खडे सारख्याच योग्यतेचे.

खड्यापासून निघणाऱ्या रेघांवर लगतचे जे बिंदु रिकामे असतात, त्यांस चिनी लोक ‘श्वास’ या अर्थाचा शब्द योजितात. पटाच्या मध्यभागीं एकट्या खड्यास चार श्वास असतात, कडेस तीन व कोपऱ्यांत दोनच. प्रतिपक्षानें ते सर्व कोंडले म्हणजे तो खडा उचलला जातो. रेघेनें जोडलेले एका रंगाचे खडे एकत्र जगतात व एकत्र मरतात. परंतु ज्या समूहाच्या पोटांत दोन निरनिराळ्या रिकाम्या जागा, म्हणजे दोन ‘डोळे’, राहतात, तो मारतां येत नाहीं. कारण एका खेळींत दोन्ही डोळे बुजवितां येत नाहींत. एकाच खड्याची उचलाउचल अखंड चालूं नये म्हणून ती लगेच उलट करण्यास मनाई आहे. या नियमास ‘को’ म्हणतात. जपानी पद्धतींत शेवटीं वेढलेले रिकामे बिंदु व पकडलेले खडे मोजून जय ठरवितात.

नियम इतकेच, ते अर्ध्या तासांत समजतात. अडचण त्यापुढें येते. नवशिक्यास प्रत्येक खडा पकडण्याचा मोह होतो, आणि आपला एक वाचविण्यासाठीं तो पांच घालवितो. घरांतील दहा वर्षांच्या मुलाशीं मीं नऊ रेघांच्या लहान पटावर खेळूं लागलों तेव्हां हेंच केलें. लागोपाठ सात डाव हरल्यावर ‘काम आहे’ असें सांगून मी उठलों. मुलानें सहज विचारलें, “बाबा, मी हरत असतों, तर तुम्हीं मला असें उठूं दिलें असतें का?” मला उत्तर सुचलें नाहीं. मी पुन्हां बसलों, व आठवा डावहि हरलों.

या खेळाच्या परंपरेनें ही लाज ओळखून तिच्यावर उपाय योजिला आहे. मोठ्या पटावर दुर्बळ खेळाडूस काळे खडे देऊन, अंतराप्रमाणें दोनपासून नऊपर्यंत खडे आधींच मांडूं देतात. यांत उपकार नाहीं व अपमानहि नाहीं. तें केवळ अंतराचें माप आहे. खेळ सुधारला कीं एक खडा कमी होतो. नवशिक्याची गणना सुमारें ३० व्या ‘क्यू’मध्यें होते, तेथून उतरत तो पहिल्या ‘क्यू’पर्यंत येतो, व पुढें ‘दान’च्या पायऱ्या चढूं लागतो. आरंभींचे डाव जितक्या लवकर हरतां येतील तितक्या लवकर हरून टाकावे, अशी या खेळाडूंत एक म्हणच आहे.

ऑस्कर कोर्शेल्ट हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ जपानांत नोकरीनिमित्त राहत असतां मुरासे शुहो या नामांकित खेळाडूपाशीं हा खेळ शिकला. शास्त्राची विद्या संपादन केलेल्या माणसानें पुन्हां आरंभापासून शिष्यत्व पतकरिलें. त्यानें १८८० सालीं जर्मन भाषेंत लिहिलेल्या विवेचनामुळें युरोपास या खेळाची चांगली ओळख झाली. पुढें २०१६ च्या मार्च महिन्यांत सोल येथें ‘अल्फागो’ या संगणक-कार्यक्रमानें कोरियाचा श्रेष्ठ खेळाडू ली सेडोल यास पांचांपैकीं चार डावांत हरविलें. तेव्हांपासून मोठमोठे निष्णातहि अशा यंत्रांच्या खेळी समोर ठेवून अभ्यास करीत आहेत. ज्यांनीं सारें आयुष्य या पटावर घालविलें, त्यांसहि पुन्हां विद्यार्थी व्हावें लागलें. मग आपणांस लाज कशाची?

पालकहो, कागदावर नऊ आडव्या व नऊ उभ्या रेघा आखा. चिंचोके व पांढरीं बटणें घ्या. आणि मुलासमोर बसा. डाव संपल्यावर दोघांनीं मिळून तो पुन्हां मांडून पाहावा, व आपली चूक कोठें झाली हें मुलास विचारावें. ‘हरलास तरी चालेल, पण शीक’ असें आपण मुलांस नेहमीं सांगतों. वडील माणूस स्वतः हरून, न उठतां, दुसरा डाव मांडतो, तेव्हां त्या शब्दांचा अर्थ मुलास प्रथम कळतो.