ईओडी म्हणजे नक्की किती वाजता?

मराठी माध्यमात शिकून बेंगळुरू, हैदराबाद, गुरुग्रामला नोकरीला लागलेली मुलं मला सांगतात, "सर, इंग्रजी वाचता येतं, पण साहेबांची ईमेल कळत नाही." कशी कळणार? त्यात शब्द कमी आणि सुटी अक्षरंच जास्त.

पीएफए म्हणजे प्लीज फाइंड अटॅच्ड, सोबत फाइल जोडली आहे. हे सोपं. पण एफवायआय आणि एफवायए यांत एका अक्षराचा फरक आहे आणि तो महागात पडतो. पहिलं 'फॉर युअर इन्फर्मेशन', म्हणजे फक्त वाचून ठेवा. दुसरं 'फॉर युअर ॲक्शन', म्हणजे काम तुमच्या गळ्यात पडलं. लष्करी संदेशातही कारवाई कोणी करायची आणि माहिती कोणाला द्यायची, ही नावं वेगवेगळी लिहितात. ईमेलमधलं 'टू' आणि 'सीसी' साधारण तसंच. सीसी म्हणजे कार्बन कॉपी. टाइपरायटरमध्ये कार्बन पेपर घालून प्रत काढायचे, त्या काळातला शब्द. ईमेल आली की आधी आपलं नाव यांपैकी कुठल्या रकान्यात आहे ते बघा.

आता ईओडी. आम्हा फौजी माणसांना हे ऐकलं की बॉम्ब निकामी करणारं पथकच आठवतं! ऑफिसात मात्र तो 'एंड ऑफ डे'. पण दिवस कोणाचा? हिवाळ्यात लंडनचं ऑफिस साडेपाचला सुटतं, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजलेले असतात. पुढे आयएसटी लिहून भागेल म्हणाल, तर आयर्लंडमध्ये उन्हाळ्यात तीच अक्षरं आयरिश स्टँडर्ड टाइमसाठी वापरतात. म्हणून स्वतः लिहिताना सरळ 'आज संध्याकाळी ६ पर्यंत, भारतीय वेळ' असं लिहावं.

समोरच्यानं ईओडी लिहिलं आणि वेळ कळली नाही, तर? मुलं इथेच अडतात. अर्थ विचारला तर 'याला इंग्रजी येत नाही' असं वाटेल, या भीतीनं 'नोटेड' लिहून मोकळी होतात. वायरलेसवर आम्ही 'रॉजर' आणि 'विल्को' वेगळे ठेवतो. रॉजर म्हणजे संदेश मिळाला. विल्को म्हणजे समजला आणि त्याप्रमाणे करतो. तुमचं 'नोटेड' यांपैकी कुठलं, हे साहेबांना कसं कळावं? त्याऐवजी काम आणि वेळ आपल्या शब्दांत परत पाठवा: 'आय विल सेंड द रिपोर्ट बाय सिक्स पीएम टुडे. प्लीज कन्फर्म.' चुकत असाल तर ते लगेच दुरुस्त करतील, आणि अज्ञान कबूल करावं लागणार नाही. उलट माणूस नीट काम करणारा वाटतो.

आपण अक्षरं वापरावीत का? जरूर, पण समोरच्याला ती ठाऊक असतील तरच. आज मुलं मोबाइलवर ओएमजी लिहितात ना, ते ब्रिटिश नौदलाचे ॲडमिरल जॉन फिशर यांनी १९१७ साली चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात सापडतं. वाचणारा चर्चिल, तरी फिशरसाहेबांनी त्या तीन अक्षरांपुढे कंसात पूर्ण अर्थ लिहून दिला होता.