गटाचा नकाशा आणि सोडतीची चिठ्ठी

विधानसभेच्या मतदारसंघात 1962 पासून कोण कधी आले, कोण कुणाकडून पडले, हे तोंडपाठ सांगणारे गावोगाव भेटतात. जिल्हा परिषदेच्या गटाचे तसे विचारा. समोरचा आधी विचारतो, ‘कुठल्या वेळचा गट?’ प्रश्न रास्त आहे. नाव तेच राहते, त्यातली गावे बदलतात आणि उभे राहण्याचा हक्क कुणाला, हे दर खेपेला नव्याने ठरते.

सुरुवात मात्र ठसठशीत होती. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1961चा कायदा झाला आणि 1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. बलवंतराय मेहता समितीने जिल्हा पातळीवर थेट निवडणूक सुचवली नव्हती. नाईक समितीने ती सुचवली. आमदार-खासदारांना सभागृहाबाहेर ठेवले. त्यामुळे गटातून निवडून आलेला सदस्य कुणाच्या मेहेरबानीवर नव्हता, मतांवर होता. राज्याला पुढचे नेते याच शाळेने पुरवले.

पण निवडणुकांचे वेळापत्रक पाहा : 1962, 1967, 1972, मग 1979, आणि त्यानंतर थेट 1992. तेरा वर्षे! तासगाव तालुक्यातल्या सावळज गटातून आर. आर. पाटील म्हणजे आबा 1979 साली सांगली जिल्हा परिषदेवर गेले आणि 1990 साली आमदार होईपर्यंत सदस्य राहिले. एका निवडणुकीवर अकरा वर्षे. आबांनी त्या काळाचे सोने केले, हे खरे. पण सगळ्या गटांना आबा मिळाले नव्हते, आणि नकोसा सदस्य बदलण्याची संधी मतदाराला मिळालीच नाही.

73व्या घटनादुरुस्तीने आणि 1994 साली स्थापन झालेल्या राज्य निवडणूक आयोगाने निवडणुका लांबवण्याचा हा खेळ थांबवला. 1997, 2002, 2007, 2012, 2017 : पाच-पाच वर्षांनी मतदान झाले. महिलांसाठी राखीव जागांचा वाटा तिसऱ्या हिश्श्यावरून 2011 साली निम्म्यावर गेला. अनेक गटांत पहिल्यांदा बाई निवडून आली ती आरक्षणामुळेच. फलकावर तिच्या नावापेक्षा नवऱ्याचा फोटो मोठा असे, तरी सभागृहात बसून कागद वाचायला शिकलेल्या बायका काही थोड्या नव्हत्या.

आणि इथेच आरक्षणाची सोडत आडवी येते. डब्यातून शाळकरी पोर चिठ्ठी काढते आणि पाच वर्षे गट बांधलेल्याचा पत्ता कट होतो. मग शेजारचा गट शोधा, नाहीतर घरातल्या लक्ष्मीला उभे करा. चांगले काम केलेल्या बाईलाही पुढच्या खेपेला ‘आता हा गट खुला झाला’ म्हणून पक्ष घरी बसवतो. कामाचा हिशेब मागावा, तर हिशेब देणाराच मैदानात नसतो.

4 मार्च 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकूण आरक्षण 50 टक्क्यांपुढे नेणाऱ्या ओबीसी जागा रद्द ठरवल्या. धुळे, नंदुरबार, अकोला, वाशिम, नागपूर इथल्या अशा जागांवर निवडून आलेल्या सदस्यांची पदे मुदतीच्या मधेच गेली. त्या जागांवर 5 ऑक्टोबरला पुन्हा मतदान झाले. 2017 साली निवडलेल्या 25 परिषदांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि मुख्य कार्यकारी अधिकारी प्रशासक झाले. त्याच वर्षी एका सरकारने सदस्यसंख्या वाढवून नवे गट आखले, सोडतही निघाली. दुसऱ्या सरकारने जुनी संख्या परत आणली आणि ते सगळे नकाशे रद्दीत गेले. निवडणुका घ्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 रोजी दिला. त्यानंतर आलेल्या नव्या नियमांनी आरक्षणाचे चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. म्हणजे कुठल्या गटात पूर्वी काय आरक्षण होते, हा इतिहासही पुसला गेला.

आरक्षण हवेच, दर पाच वर्षांनी ते हलवण्याची घाई नको. तमिळनाडूत ते दहा वर्षांनी फिरते. महाराष्ट्रानेही निदान दोन मुदती एक आरक्षण टिकवावे, म्हणजे निवडून आलेल्याला आपल्याच गटात पुन्हा मते मागायला जावे लागेल.