भातकापणीनंतर बॉनेट उघडताना

कर्जत-खालापुरात भातकापणी उरकली की शेतातले उंदीर आडोसा शोधू लागतात. फार्महाऊसच्या आवारात आठवडाभर हलत नसलेली गाडी त्यांना आयतीच सापडते. मालक शनिवारी येऊन बॉनेट उघडतो, तर बॅटरीच्या मागे पेंढ्याचं घरटं, आसपास लेंड्या आणि कुरतडलेली वायर. हा पेंढा तापलेल्या एक्झॉस्टला लागला तर पेट घेऊ शकतो. म्हणूनच या पट्ट्यात इंजिनाची साफसफाई हौसेपुरती नसते, आणि दिवाळीच्या आसपासचा काळ तिच्यासाठी सर्वांत योग्य.

सह्याद्रीच्या पायथ्याला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याचा चिखल आणि पालापाचोळा बॉनेटखाली साचतो. वायपरखालच्या जाळीत पानं कुजली की पाणी जाण्याची भोकं बुजतात आणि पुढच्या पावसात पाणी थेट आत, पायाखालच्या मॅटपर्यंत उतरतं. सुरुवात इथूनच करावी. पानं हाताने उचलावीत, पाणी मारून आत ढकलू नयेत.

लेंड्या मात्र कोरड्या झाडू नयेत. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि कोकणात हा आजार सगळ्यांच्या परिचयाचा आहे. हातात रबरी मोजे, तोंडाला मास्क, जंतुनाशकाने घाण ओली करायची आणि फडक्याने उचलायची.

इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय पुढचं काम नको. लांबून चालून आलेल्या गाडीला निदान दोनेक तास द्यावेत. तापलेल्या धातूवर गार पाणी पडलं तर तो तडकू शकतो. मग दहा नंबरचा पाना घेऊन बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडावी, आणि शेवटी तीच सगळ्यांनंतर जोडावी. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासायचं. सोड्याचा फेस येतो आणि पूड विरघळते. हे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाता कामा नये. पुसून कोरडं केल्यावर वरून थोडी पेट्रोलियम जेली लावावी.

अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, एअर फिल्टरचं तोंड आणि इंजिनाचा कॉम्प्युटर प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी घट्ट झाकावेत. तेलकट भागावर सौम्य डिग्रीजर फवारून, तो वाळण्याआधी मऊ ब्रशने घासावा आणि ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. पाणी लागलंच तर फवाऱ्याच्या बाटलीतलं. वॉशिंग सेंटरवर जोराचा पंप मारून इंजिन चकाचक करून देतात, पण तो इंजिनावर मारू देऊ नये. रस्त्यावरून उडणारं पाणी वायरींची जोडणी सहन करते, जवळून मारलेला झोत तिच्या आत शिरतो. रेडिएटरची पातळ पातीही त्याने वाकतात. डिझेल किंवा रॉकेलने इंजिन पुसण्याची जुनी सवयसुद्धा सोडलेली बरी. त्याने रबरी नळ्या फुगतात, धूळ जास्त चिकटते आणि आगीचं भय असतं ते वेगळंच. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबलांना घरी कुणी हातच लावू नये.

बॉनेट उघडं ठेवून सगळं उन्हात वाळू द्यावं. पिशव्या काढल्यावर इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवून कान द्यावा. धडधड जाणवली किंवा डॅशबोर्डवर दिवा लागला तर कुठेतरी ओल राहिलेली असू शकते. वायर कुरतडलेली दिसली तर टेप गुंडाळून वेळ मारून न नेता गाडी इलेक्ट्रिशियनकडे न्यावी.

उरलेलं तेलकट पाणी गटारात किंवा विहिरीजवळ सोडू नये. कर्जतकडचे ओहोळ उल्हास नदीला मिळतात आणि त्याच नदीचं पाणी पुढे बदलापूरकर पितात. खालापूरच्या बाजूला पाताळगंगा आहे. तेल-मातीचा गाळ भुशात किंवा कोरड्या मातीत जिरवून बादलीत भरावा, जुनं इंजिन ऑईल घेणाऱ्या गॅरेजला विचारावं आणि तिथेच द्यावा.